जनसुनावणीची नोटीस आली, आता तीस दिवसांत काय करायचं?

वणी, राजुरा, भद्रावती, उमरेड या कोळसापट्ट्यात जनसुनावणी हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. तरी दरवेळी कुठल्या तरी नव्या गावाची पाळी येते आणि तिथली पोरं तेच विचारतात, "भाऊ, पेपरात नोटीस आली म्हणे. आपण काय करायचं?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः कोळसा खाणीची आहेत, कारण आमच्याकडे तीच जास्त. पण सिमेंट कारखाना असो, लोहखाण असो की औष्णिक वीज केंद्र, पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागत असेल तर पद्धत हीच.

आधी सुनावणी म्हणजे काय ते नीट समजून घ्या

पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. त्याच्या आधारे केंद्र सरकारनं १४ सप्टेंबर २००६ ला एक अधिसूचना काढली. मोठ्या प्रकल्पाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते, ती याच अधिसूचनेखाली. मंजुरीच्या वाटेवर चार टप्पे आहेत. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो ते ठरवणं, अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवणं, लोकांचं म्हणणं ऐकणं आणि शेवटी तज्ज्ञ समितीनं सगळं तपासून शिफारस करणं. तुमच्या हातात नोटीस येते तेव्हा पहिले दोन टप्पे होऊन गेलेले असतात आणि कंपनीनं नेमलेल्या सल्लागारानं अहवालाचा मसुदा लिहून ठेवलेला असतो.

सुनावणीत मतदान नसतं. अख्खं गाव विरोधात बोललं म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. पाचच माणसं आली म्हणून सुनावणीही रद्द होत नाही, कारण तिला गणपूर्तीची अट नाही. दिल्लीला किंवा मुंबईला जातं ते इतिवृत्त, लोकांची निवेदनं आणि व्हिडिओ चित्रण. ज्या समितीला शिफारस करायची आहे तिचे सभासद बहुधा तुमच्या गावात पाय ठेवणार नाहीत. ते वाचणार. म्हणून मंडपात कोण किती जोरात बोललं यापेक्षा कागदावर काय उतरलं ते महत्त्वाचं.

बहुतेक प्रकल्पांना मंजुरी मिळते, हे आधीच ध्यानात घ्या. ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीचा प्रस्ताव लोकांच्या विरोधानंतर केंद्रानं पुढे जाऊ दिला नाही, पण अशी उदाहरणं थोडी. मग बोलून उपयोग काय? उपयोग अटींचा. ३० सप्टेंबर २०२० ला पर्यावरण मंत्रालयानं एक कार्यालयीन आदेश काढला. सुनावणीत कंपनीनं दिलेली आश्वासनं तज्ज्ञ समितीनं तपासायची आणि प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपात, मोजता येतील अशा अटी म्हणून पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालायची, असा त्याचा अर्थ. "गावाचा विकास करू" हे वाक्य अट होऊ शकत नाही. "अमुक गावात पिण्याच्या पाण्याची योजना, पहिल्या वर्षात, रोज इतके लिटर" हे होऊ शकतं. आपण कसं विचारतो यावर उत्तर कसं येणार ते अवलंबून असतं.

नोटीस हातात आली त्या दिवशी

पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा नोटिशीचा फोटो काढा. प्रकल्पाचं नाव, क्षमता, हेक्टर, गावांची यादी, सुनावणीची तारीख, जागा आणि अहवाल कुठे पाहायला मिळेल एवढं एका कागदावर उतरवा. नोटीस आणि सुनावणी यांच्यात किमान ३० दिवस हवेत. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी किंवा तशा दुसऱ्या मार्गानं लोकांना कळवायचं, असंही नियमात आहे. दवंडी झाली नसेल तर पहिलं पत्र त्याचंच द्या.

दुसरं पत्र जागेचं. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची असते. २०२२ साली सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी एटापल्ली तालुक्यात न होता शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीला झाली. ज्यांच्या डोंगरावर खाण त्यांना दिवसाची मजुरी बुडवून आणि गाडीभाडं भरून जिल्ह्याला जावं लागतं, तेव्हा मंडपात कोण पोचतं ते सांगायला नको. जाहीर झालेली तारीख आणि जागा सहसा बदलत नाही, बदलायची तर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. म्हणून हे पत्र पहिल्या आठवड्यातच जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

नव्या गावांत एक गोंधळ नेहमी होतो. भूसंपादनाची नोटीस, वनहक्काची ग्रामसभा आणि पर्यावरणाची जनसुनावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोळशासाठी जमीन घेताना बहुधा १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र कायदा लावतात. त्यात कलम ७ ची अधिसूचना निघाली की ३० दिवसांत कलम ८ खाली लेखी हरकत द्यायची असते. जनसुनावणीत मोबदल्यावर तावातावानं बोललात म्हणून ती हरकत नोंदली गेली असं होत नाही. तसंच जमीन वनात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेचं काम वेगळं चालतं. ओडिशातल्या नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ग्रामसभांना जो मान दिला तो या कायद्याच्या आधारे. मेंढा (लेखा)सारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तोही याच कायद्यानं. कुणी म्हणालं की "सुनावणी झाली, आता वेगळी ग्रामसभा कशाला?" तर तिथेच थांबवा.

अहवाल मिळवा आणि गावात फिरून ताडून पाहा

अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, पंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ठेवलेला असतो. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, चंद्रपूर आणि अमरावतीला आहेत. मंडळाच्या संकेतस्थळावर जनसुनावणीच्या विभागात मराठी सारांश असतो, तो मोबाईलवर उतरवता येतो. माहितीच्या अधिकारावर विसंबू नका. त्याला ३० दिवस लागतात, तोवर मंडप उठलेला असेल. कार्यालयात जा, अहवाल उघडून बसा, हव्या त्या पानांचे फोटो घ्या.

मराठी सारांश वीस-पंचवीस पानांचा आणि मूळ इंग्रजी अहवाल शेकडो पानांचा. सगळा वाचायची गरज नाही. गावातली कॉलेजात शिकणारी दोन मुलं आणि एखादे निवृत्त गुरुजी बसले की तीन-चार ठिकाणं सापडतात.

पहिलं ठिकाण नकाशा. खाणीच्या भोवती साधारण १० किलोमीटरच्या परिघाचा अभ्यास केलेला असतो. त्यात हवा, पाणी, आवाज कुठे मोजला त्या जागांची यादी असते. ती यादी घेऊन गावात फिरा. तुमच्या गावाच्या नावानं मोजलेलं पाणी कुठल्या विहिरीचं? धूळमापक यंत्र कुणाच्या गच्चीवर ठेवलं होतं? त्या घरच्या लोकांना विचारा, किती दिवस होतं, कधी काढून नेलं. वाऱ्याची दिशा पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा कुठून सुटतो हे गुराख्याला विचारलं तरी कळतं. यंत्र वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवलेलं असेल तर आकडे चांगलेच येणार. हवेच्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पीएम १० म्हणजे बारीक धूळ २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आधीच ९० आहे असं अहवालच सांगत असेल, तर खाण सुरू झाल्यावर ती किती होईल, हा प्रश्न मंडपात विचारायलाच हवा.

दुसरं ठिकाण ऋतू. असा अभ्यास बहुधा एका ऋतूचा असतो आणि तो ऋतू पावसाळ्याचा नसतो. आता वर्धा, पैनगंगा, इरई यांच्या काठची गावं डोळ्यांसमोर आणा. जुलै २०२२ च्या पुरात वणी, वरोरा, राजुरा भागात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. खाणीतून निघालेली माती, तिला आमच्याकडे ओबी म्हणतात, तिचे डोंगर नदीकाठी उभे राहिले की पुराच्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही. अहवालात डिसेंबर ते फेब्रुवारीचे आकडे असतील तर पुराची रेषा तिथे कुठून येणार? गावानं आपली पूररेषा आपण दाखवावी. कुठल्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण आहे तिचा फोटो घ्या, जवळच्या पुलापासून अंतर लिहा. अहवालातली मोजणी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तेही निवेदनात लिहा.

तिसरं ठिकाण जमिनीचा तक्ता. त्यात 'पडीक' म्हणून लिहिलेलं क्षेत्र सातबाऱ्यावर तपासा. विदर्भात ई-क्लास जमीन (म्हणजे सरकारी गुरचरण) आणि झुडपी जंगल यांच्या नोंदी जुन्या आणि गुंतागुंतीच्या आहेत. ज्याला अहवाल पडीक म्हणतो त्यावर गावाची ढोरं चरतात. आणि झुडपी जंगल हे वनजमीनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रकल्पाच्या हद्दीत असा एखादा गट असेल तर वनमंजुरीचा प्रश्न उभा राहतो. तलाठ्याकडून त्या गटाचा उतारा काढून निवेदनाला जोडा.

चौथं ठिकाण प्राण्यांची यादी. ताडोबा, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ती नक्की वाचावी. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात खाणी आणि वीज केंद्राच्या झुडपात वाघ-बिबट वावरतात, हे चंद्रपूरकर जाणतात. ओबीच्या ढिगाऱ्यावर झाडी वाढली की रानडुकरं तिथे राहतात आणि त्यांच्या मागावर दुसरी जनावरं येतात. अहवालात ससा, मुंगूस आणि कावळा एवढंच असेल, तर गेल्या काही वर्षांत वनविभागाकडून पीकनुकसान आणि जनावर मारल्याची भरपाई घेतलेल्यांचे पंचनामे गोळा करा. वनविभागाचा शिक्का असलेला कागद अहवालातल्या यादीला पुरून उरतो.

गावात कुणाचं काय अडलंय ते लिहून काढा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. गावं इथेच घाई करतात, "एकमुखी ठराव" करून मोकळी होतात, आणि सुनावणीच्या दिवशी अर्धं गाव वेगळंच बोलतं. माझं स्पष्ट मत आहे की खाण हवी की नको यावर गावाला जबरीनं एक करू नये. गावात हिताचे धागे वेगवेगळे असतात आणि ते लपवले की कंपनीच्या माणसाला ते ओढणं सोपं जातं.

जमीनधारकांपासून सुरुवात करा. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात साधारण दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. या एका सूत्रानं घराघरांत फूट पडते. चार एकरांचा सातबारा आणि तीन भाऊ, म्हणजे नोकऱ्या दोन आणि दावेदार तीन. दीड एकरवाला दुसऱ्या दीड एकरवाल्याला जोडीला घेतो, मग नोकरी कुणाच्या पोराला यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर असतं. तिला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात, आणि तिचा मोबदला आणि नोकरीवरचा दावा दोन्ही एका दुपारी संपतात. या बायांना सुनावणीला बोलावणं गावाचं काम आहे. खासगी कंपनीची खाण असेल तर दोन एकरांचं सूत्र लागू आहे असं गृहीत धरू नका. तिचं धोरण काय ते सुनावणीत लेखी मागा.

नोकरी मिळणाऱ्याला खाण हवी असते आणि त्यात काही गैर नाही. कोरडवाहू कापसाच्या भावावर ज्यानं तीन-चार वर्षं घर चालवून पाहिलं आहे, त्याला पक्क्या पगाराची ओढ का वाटते हे विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही त्यांच्याकडे या. मक्त्यानं वावर करणारा. निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, ज्यांची मजुरी वावरं गेली की त्याच हंगामात बंद होते. गुराखी. नदीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात मासे धरणारे ढिवर. मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचणारी कुटुंबं. अहवालात यांच्यासाठी बहुधा 'रोजगारनिर्मिती होईल' एवढी एक ओळ असते. किती बाया, वर्षाला किती दिवस, किती मजुरीवर जातात, हे बचतगटाच्या बैठकीत बसून एका संध्याकाळी मोजता येतं. मी हे मोजायचा आग्रह नेहमी धरतो, कारण दुसरं कुणी ते मोजत नाही.

ट्रॅक्टर, टिप्पर, जेसीबीवाले, चहाटपरीवाले, खोल्या भाड्यानं देणारे यांनाही खाण हवी असते. त्यांना मंडपाबाहेर ठेवू नका. वाहतुकीच्या कामात स्थानिकांना वाटा, ताडपत्री झाकूनच गाडी हलवायची अट, वजनमर्यादा हे त्यांनी स्वतः लिहून द्यावं. झाकलेल्या गाडीचा फायदा त्यांच्याच घरासमोरच्या रस्त्याला होतो.

मग अशी गावं, ज्यांची एक गुंठाही जमीन जात नाही. खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंतच्या रस्त्यावरची गावं यात पहिली. कापूस फुटायच्या वेळेला रस्त्यालगतच्या पऱ्हाटीवर काळा थर बसतो, बोंडाचा पांढरा रंग मळतो आणि व्यापारी भाव पाडतो. या शेतकऱ्याला मोबदला नाही, नोकरी नाही, बहुतेकदा नोटिशीत त्याच्या गावाचं नावही नाही. तरी त्याला सुनावणीत बोलायचा पूर्ण हक्क आहे. त्याला निरोप द्या. व्यापाऱ्यानं काळ्या कापसाला कमी भाव दिल्याची पावती असेल तर ती सोबत आणायला सांगा.

गावाबाहेरचे हितसंबंधही ध्यानात घ्या. राज्याला वीज हवी. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथे कोळसा रोज लागतो. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची नजर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीवर असते. २०१५ पासून खाणवाल्याला स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, आणि लिलावातून मिळालेल्या खाणीसाठी १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. हा पैसा आधी खाणबाधित गावांवर खर्च व्हायला हवा, म्हणून सरपंचांना तोही हिशेब ठेवायला सांगा. दुसऱ्या बाजूला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ निघाला होता. ७० च्या वर गेलं की अतिप्रदूषित. त्या हवेत श्वास घेणाऱ्या जिल्ह्याला, आणखी एका खाणीची धूळ जुन्या धुळीत मिसळून एकूण किती होईल, हे विचारण्याचा अधिकार आहे.

हे सगळं लिहून झालं की ग्रामसभेचा ठराव करा, पण भाग पाडून. जमीनधारकांच्या मागण्या, भूमिहीनांच्या मागण्या, पाणी, रस्ता आणि धूळ, ब्लास्टिंग, वन्यप्राणी. मतभेद असेल तिथे मतभेद आहे असंच लिहा. ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

निवेदन असं लिहा

ठराव असला तरी प्रत्येकानं आपलं वेगळं निवेदन द्यावं. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती दिल्या तर इतिवृत्तात तो एकच मुद्दा होतो. पन्नास वेगळी, एकेका पानाची निवेदनं पन्नास उत्तरं मागतात. नमुना म्हणून एक देतो, आकडे आपापले घालावेत:

"मी अमुक, मौजा अमुक, गट क्रमांक अमुक. माझं वावर खाणीच्या प्रस्तावित हद्दीबाहेर पश्चिमेला ६०० मीटरवर आहे. १५ मे रोजी माझ्या विहिरीत जमिनीपासून ३१ फुटांवर पाणी होतं. तिच्यावर दोन एकर ओलीत होतं. अहवालात या बाजूची एकही विहीर मोजलेली नाही. माझी मागणी: खोदकामाआधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी या विहिरीची पातळी मोजून आकडे ग्रामपंचायतीत लावावेत. विहीर आटली तर किती दिवसांत, कुठून आणि किती पाणी मिळेल ते आज सांगावं. माझा प्रश्न आणि कंपनीचं उत्तर इतिवृत्तात नोंदवावं."

पाहा, यात खाणीला हो किंवा नाही असं काहीच नाही, आणि तरी कंपनीला यातून पळवाट नाही. ज्याला खाण नकोच आहे त्यानं पहिल्या ओळीत तसं लिहावं, कारण द्यावं आणि पुढे या मागण्याही लिहाव्यात.

विहिरी मोजायला दोरी आणि दगड पुरतो. तारीख, विहिरीच्या मालकाचं नाव, फूट. गावातल्या सगळ्या विहिरी आणि हातपंप एका वहीत. घरांचंही असंच करा. ब्लास्टिंगनं भिंतीला भेगा पडल्या की "तुमचं घर आधीच जुनं होतं" हे उत्तर ठरलेलं. म्हणून आत्ताच प्रत्येक खोलीच्या भिंतीचे फोटो काढून ठेवा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मर्यादेप्रमाणे, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरापाशी कमी वारंवारतेचा हादरा सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जायला नको. हादरा मोजायचं यंत्र कुठल्या गावात, कुणाच्या घरी बसवणार आणि आकडे कुणाला दाखवणार, हे विचारा.

निवेदनं सुनावणीच्या आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि एकेक प्रत त्या दिवशी मंडपातही द्या.

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. आधी कंपनी सारांश सांगते, मग हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती विचारण्याचा आणि बोलण्याचा हक्क असतो. प्रत्येकाला. टोकन संपले, वेळ संपली, "एका गावातून दोघंच" असं नियमात नाही.

लवकर पोचा. मंडपातल्या पुढच्या खुर्च्या कुठून तरी गाड्यांनी आणलेल्या लोकांनी भरलेल्या असतात. हजेरीपटावर नाव आणि गाव स्वच्छ लिहा. बायांना सुरुवातीलाच बोलू द्या, दुपारनंतर त्यांना घरची ओढ लागते आणि मग त्यांचं राहून जातं. बोलताना आधी नाव, गाव, गट क्रमांक, मग एक मुद्दा, मग प्रश्न. उत्तर गोल आलं तर तोच प्रश्न परत विचारा आणि "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तशी नोंद घ्या" असं अध्यक्षांना सांगा. मराठीत बोला. वऱ्हाडी, झाडी, गोंडी, जी आपली असेल तीत बोला, आणि गोंडीत बोलणार असाल तर दुभाषा आधीच मागून ठेवा.

मंडप उधळू नका. राग खरा असतो, पण नियमात एक वाईट फट आहे. इथे लोकांना मोकळेपणानं बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणीशिवायच पुढे जाण्याचा निर्णय होऊ शकतो. खुर्च्या फेकणारे कुणाचं काम करतात याचा विचार करा. बाहेरून आलेला कुणी चेतवत असेल तर त्याला गावकऱ्यांनीच खाली बसवावं.

संध्याकाळचा भाग सगळ्यात मोलाचा आणि तेव्हाच मंडप रिकामा होतो. दिवसभरात काय झालं याचा सारांश शेवटी मोठ्यानं वाचून, मराठीत समजावून सांगायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची असते. लोक दूध काढायला, बैल सोडायला निघून गेलेले असतात. आधीच दहा-बारा जण ठरवा, जे वाचन संपेपर्यंत हलणार नाहीत. त्यांच्याकडे गावकऱ्यांनी मांडलेल्या मुद्द्यांची यादी असावी. वाचनात एखादा मुद्दा गळला, किंवा "पाणी आटलं तर ३० दिवसांत नळ" याचं "पाण्याची व्यवस्था करण्यात येईल" झालं, की उभं राहून दुरुस्ती मागा. दुरुस्ती झाली नाही तर तिथेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. कंपनीच्या तोंडून आलेला आकडा आणि मुदत इतिवृत्तात उतरवून घेणं हे या माणसांचं काम.

सुनावणी झाल्यावर

सुनावणी आटोपल्यावर आठ दिवसांत मंडळानं इतिवृत्त पुढे पाठवायचं असतं. ते ग्रामपंचायतीत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लागायला हवं. आपल्या यादीशी परत ताडून पाहा, फरक असेल तर मंडळाला आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला लिहा. प्रकल्प मोठा असेल तर मंजुरीचा निर्णय केंद्राच्या मंत्रालयात, नाही तर राज्याच्या प्राधिकरणात. 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकलं की फाईल कुठे आहे, तज्ज्ञ समितीची बैठक कधी आहे आणि अंतिम अहवाल काय म्हणतो ते दिसतं. बैठकीच्या आधी समितीच्या सदस्य सचिवांना दोन पानांचं पत्र पाठवता येतं. ते पाठवा.

मंजुरी मिळाली तर कंपनीनं सात दिवसांत दोन स्थानिक पेपरांत तशी जाहिरात द्यायची असते. ती तारीख लिहून ठेवा, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस आहेत. कारण पटलं तर न्यायाधिकरण आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ करू शकतं, त्यापुढे दार बंद. विदर्भासाठी खंडपीठ पुण्याला आहे. अपील करायचं असेल तर वकिलाला देण्याजोगी सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे तुमची पोच असलेली निवेदनं.

अपील करा किंवा न करा, मंजुरीपत्र मात्र पूर्ण वाचा. त्यातल्या अटींपैकी आपल्या गावाशी संबंधित अटींना खूण करा. दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, कंपनीला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो उतरवून घ्या आणि ग्रामसभेत एकेक अट वाचा. रस्त्यावर रोज किती टँकर पाणी मारलं असं लिहिलंय आणि आपण किती पाहिले, हादऱ्याचं यंत्र कुणाच्या घरी आहे, विहिरींच्या वहीत यंदाच्या मेचा आकडा काय. फरक निघाला की फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून तक्रार मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि मंडळाच्या आपल्या भागातल्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडे एकाच दिवशी द्यायची. विहिरींची वही मात्र कुणा एकाच्या घरी ठेवू नका. ग्रामपंचायतीत एक आणि बचतगटाकडे एक, अशा दोन प्रती असू द्या.